हाताला कळणारं रसायनशास्त्र



एका रसायनशास्त्राच्या शिक्षकाला तुम्ही कचऱ्यावरच्या या परिषदेचं अध्यक्षपद दिलंत, याबद्दल मनापासून आभार. कचरा निवडणं हे रसायनशास्त्रच आहे आणि ते सगळ्यात चांगलं येणारी माणसं, म्हणजे पहाटेची फेरी आटोपून आलेल्या कचरावेचक भगिनी, आज या सभागृहात मागच्या रांगांमध्ये बसली आहेत, एवढंच मला सांगायचं आहे.

हे सांगायला या छत्रपती संभाजीनगर शहराइतकी योग्य जागा नाही. १६ फेब्रुवारी २०१८ पासून नारेगाव-मांडकी परिसरातल्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. कित्येक दशकं शहराचा न निवडलेला कचरा त्यांच्या शिवाराला लागून पडत होता. डेपोला आग लागली की धूर त्यांच्या घरात आणि पाऊस पडला की घाण त्यांच्या पाण्यात. शहर तेव्हा दिवसाला चारशे टनांहून जास्त कचरा काढत होतं; तो टाकायला जागा शोधता शोधता ७ मार्चला मिटमिटा गावात दगडफेक आणि लाठीमार झाला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे होतंच. रस्तोरस्ती ढीग साचले. ग्रामस्थांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. आपली घाण दुसऱ्याच्या विहिरीशेजारी ओतण्याचा हक्क कोणत्याच शहराला नाही.

त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथं प्रक्रिया केंद्रं आली. कांचनवाडीला दिवसाला ३० टन ओला कचरा घेऊ शकणारा बायोगॅस प्रकल्प उभा राहिला. हे काम मोठं आहे. पण यंत्राला आपण जे देऊ तेच ते पचवतं. बायोगॅसच्या टाकीत कॅरीबॅग गेली तर ती ढवळणाऱ्या पात्यांना गुंडाळते. घड्याळाचा सेल खतात गेला तर त्यातले जड धातू शेतात उतरतात. म्हणून यंत्राच्या अलीकडे एक माणूस लागतो, हातातली वस्तू काय आहे हे ओळखणारा.

ते ओळखतात कसं? बाटली पालथी करा. बुडाला मधोमध बारीक ठिपका असेल तर बहुतेक ती पाण्याच्या बाटलीची जात, पीईटी. आडवी सांधरेषा असेल तर सावध व्हा. वाकवून पाहा, दुमडीवर पांढरा वळ उमटला तर ती पीव्हीसी असू शकते. हा फरक क्षुल्लक नाही. पीईटी वितळते २५० अंश सेल्सिअसच्या पुढे, आणि पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी विघटित होऊन आम्ल सोडू लागते. मूठभर पीव्हीसी टनभर चांगला माल पिवळा करते. गंमत म्हणजे दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे धुण्याच्या टाकीत त्या वेगळ्या होत नाहीत. त्यांना डोळा आणि बोटंच वेगळं करतात. टोपण मात्र तरंगतं, कारण ते पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनचं असतं आणि पाण्यापेक्षा हलकं. पॉलिस्टायरीनचा टणक कप साध्या पाण्यात बुडतो आणि भरपूर मीठ घातलेल्या पाण्यात वर येतो. म्हणजे दोन बादल्या आणि किलोभर मीठ यांत एक प्रयोगशाळा बसते. धातूंसाठी एक चुंबक जोडा. फक्त एक लक्षात ठेवा: स्टीलची बरीच भांडी चुंबकाला चिकटत नाहीत, म्हणून ती ॲल्युमिनियमच्या ढिगात टाकू नका. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजापासून बनवण्याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. तो ढीग शुद्ध राहिला पाहिजे.

आता मला सगळ्यात जास्त सतावणारी गोष्ट. प्लास्टिकची जात ओळखायला अजूनही अनेक ठिकाणी लायटर वापरतात. तुकडा पेटवायचा, ज्योत पाहायची, वास घ्यायचा. पद्धत अचूक आहे आणि म्हणूनच ती टिकली. पण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो आणि तो ओलसर घशात जाऊन आम्ल होतो. वायर जाळून तांबं काढणं त्याहून वाईट. क्लोरीनयुक्त प्लास्टिक तांब्याच्या सान्निध्यात जळतं तेव्हा डायॉक्सिन तयार व्हायला तांबंच मदत करतं. हे विष अंगातल्या चरबीत वर्षानुवर्षं राहतं. भंगाराच्या दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे: वायर सोलायचं हत्यार दुकानात ठेवा आणि जळलेल्या तांब्याला कमी भाव द्या. भाव पडला की जाळणं थांबेल.

सुरक्षिततेचा विषय निघाला की हातमोजे वाटले जातात, फोटो निघतात. जाड मोज्यात बोटांना दुमडीचा वळ कळत नाही, म्हणून बाया ते काढून ठेवतात. त्यात त्यांचा दोष नाही. सुई टोचते ती घरात कुणीतरी ती नुसतीच पिशवीत टाकलेली असते म्हणून. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, टोपण घट्ट लावून द्या. फुटलेली काच कागदात गुंडाळा आणि वर लिहा. सॅनिटरी पॅड वेगळं बांधून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या संस्थेने ही खूण रुजवण्याचा प्रयत्न केला आहे. फुगलेली मोबाईल बॅटरी घंटागाडीत टाकूच नका. गाडीत दाबली गेली तर ती पेट घेऊ शकते आणि आजूबाजूला सगळा कागद-पुठ्ठा असतो. फुटलेल्या ट्यूबलाइटमधला पारा डोळ्यांना दिसत नाही, पण तो तिथं असतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले, त्यातला तिसरा आपण घरात जवळजवळ विसरूनच गेलो.

सुरक्षिततेइतकाच मोठा प्रश्न मान्यतेचा आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि कचरा वेचणं हे काम आहे, हे मान्य करून घेण्याची लढाई सुरू झाली. मराठवाड्यात आपल्याला तिथून पुढची पायरी चढायची आहे: हे काम कसबाचं आहे, हे मान्य करून घेण्याची. फिटरला, वेल्डरला आयटीआयचं प्रमाणपत्र मिळतं. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांत कच्चा माल तपासणाऱ्याला पगार असतो, हुद्दा असतो. इथं ढिगापुढे बसून तोच माल हाताने तपासणारीला मात्र किलोच्या भावाने पैसे मिळतात आणि बाजार पडला की तिचं ज्ञानही स्वस्त होतं.

म्हणून दुपारच्या सत्रात मी तीन ठराव मांडणार आहे. प्रत्येक सुका कचरा केंद्रात कमरेइतक्या उंचीचं टेबल, पुरेसा उजेड, चुंबक आणि पाण्याच्या टाक्या असाव्यात. जमिनीवर उकिडवं बसून निवडणं बंद व्हावं. निवडणाऱ्या प्रत्येकाला धनुर्वात आणि हिपॅटायटीस बीची लस महापालिकेने द्यावी. आणि वर्गीकरणाचा अभ्यासक्रम तयार करायची समिती नेमाल तेव्हा तिच्यात निम्म्या जागा कचरावेचक भगिनींच्या असाव्यात. वस्तूंना त्या जी नावं देतात, तीच नावं त्या पुस्तकात छापली जावीत. पहिल्या दोन ठरावांची भाषा अधिकाऱ्यांशी बोलून बदलायला मी तयार आहे. तिसऱ्याची नाही.