यादीत नसलेली वाडी
(एडिसन येथील बैठकीतले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवला. वाडीला रस्ता नव्हता, त्यामुळे जेसीबी वर गेला नाही. माणसांनी कुदळ-फावड्याने चिखल उपसला. सरकारने विधिमंडळात सांगितले, की दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. मला आज या एका वाक्याबद्दल बोलायचे आहे.

त्याआधी ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गेले, दीडशेच्या वर माणसे. गाव जागेवर नाही हे बाहेरच्यांपैकी प्रथम कळले ते एसटीच्या चालकाला! मग २२ जुलै २०२१ ला महाडजवळचे तळिये. नऊ वर्षांत तीन वेळा, आणि तिन्ही जुलैच्या उत्तरार्धात.

मी भूशास्त्रज्ञ नाही, इथल्या अनेकांसारखा औषधांच्या धंद्यातला. पावडरींवर काम करतो. पण तत्त्व तेच. थोडे पाणी कणांना धरून ठेवते, म्हणून ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो. पोकळ्या पूर्ण भरल्या की पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून सुटे करतो आणि ढीग वाहू लागतो. सह्याद्रीत कठीण बेसॉल्टवर झिजलेल्या खडकाचा आणि मातीचा थर असतो. त्यामुळे एका दिवसाच्या पावसाइतकाच आधीच्या तीन-चार दिवसांत किती मुरला याचा हिशेब महत्त्वाचा. तो ठेवायला पर्जन्यमापक वाडीजवळच हवा. घाटात एका डोंगराआड पाऊस बदलतो.

माळीणनंतर पडकईकडे बोट दाखवले गेले. पडकई म्हणजे तिथल्या आदिवासींनी एकमेकांच्या श्रमांवर उतारावर पाडलेली भातखाचरे. हाताने पाडलेले खाचर आणि यंत्राने कापलेला डोंगर यांत फरक करायला हवा. तो न करता सगळे खापर आदिवासींवर फोडणे सोयीचे असते, एवढेच म्हणतो.

आता आपल्या शेजारी पाहा. २०१२ च्या सॅण्डी वादळानंतर वुडब्रिजमध्ये न्यू जर्सीच्या ब्लू एकर्स योजनेतून पूरपट्ट्यातली घरे वादळापूर्वीच्या किमतीने विकत घेतली, पाडली आणि जागा मोकळी सोडली. विकायचे की नाही हे घरमालकाने ठरवायचे. त्याच्याकडे घराचा कागद होता म्हणून हा सौदा होऊ शकला. आपल्याकडे वनहक्क कायदा २००६ चा, तरी कितीतरी वाड्यांकडे घराखालच्या जमिनीचा कागद नाही. ठाकर माणसाला "खाली या" म्हणायचे, तर खाली कुठे, कोणत्या जागेवर? रान सोडून तो खाणार काय? हे न सांगता त्याला अडाणी, हट्टी ठरवणे मला तरी पटत नाही. (वुडब्रिजमध्येही सगळ्यांनी घरे विकली नाहीत, त्यांना कोणी अडाणी म्हटले नाही.)

दरड कोसळली की आपल्या मंडळींचे चेक निघतात. चांगलेच आहे. पण माझी सूचना अशी, की यंदा चार-पाच वाड्यांत साधे पर्जन्यमापक, ते रोज वाचणाऱ्या स्थानिक तरुणांना पावसाळाभर मानधन, आणि वनहक्काचे दावे तयार करणाऱ्या कार्यकर्त्यांचा प्रवासखर्च एवढे आपण उचलावे. या वाड्या तिथले लोकच ठरवतील, यादी पाहून आपण नाही. खर्चाचा कच्चा अंदाज पुढच्या बैठकीत मांडतो. तोवर घाटमाथ्यावर काम करणारे कोणी ओळखीचे असतील तर कळवा.