मागच्या अंगणातलं पिंप

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका सभासद भगिनींनी केलेलं भाषण)



खतावर बोलायला मला उभं केलंय, ते मी तज्ज्ञ आहे म्हणून नव्हे. या सोसायटीत सगळ्यात जास्त वास माझ्या पिंपानं पसरवला, म्हणून! (हशा)

आमचं घर तळमजल्यावर, मागे थोडं अंगण. कमिटीला विचारून तिथे 60 लिटरचं जुनं पिंप ठेवलं. तापवलेल्या सळईनं बुडाला आणि बाजूंना भोकं पाडली, खाली चार विटा दिल्या. इथवर ठीक. मग रोजचा ओला कचरा नुसता ओतत गेले. पंधरा दिवसांत वास, माश्या, अळ्या! वरच्या मजल्यावरच्या वहिनी सांगायला आल्या, तर मी म्हटलं, "निसर्गाचं काम आहे, थोडं सोसा." दोन महिने आम्ही जिन्यात एकमेकींशी बोललो नाही.

पुढे एकदा सासवडला जाताना वाटेत फुरसुंगी, उरुळी देवाची लागलं. आपल्या पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं तिथेच जाऊन पडला. तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या, तेव्हा आपण इथे "कचरा उचलला नाही" म्हणून कुरकुरत होतो. म्हणजे त्यांनाही आपण हेच सांगत होतो की, थोडं सोसा. मला माझीच लाज वाटली.

घरी आले ती थेट वर गेले आणि माफी मागितली. वहिनी पिंप बघायला खाली आल्या. म्हणाल्या, "अहो, यात सुकं काही आहेच कुठे? आमच्या गावी उकिरड्यावरसुद्धा पाचोळा पडायचा." औषध तेच होतं!

तेव्हापासूनची पद्धत सांगते. तळाशी नारळाच्या शेंड्या. एक वाटी भाजीची देठं-सालं, चहाचा चोथा पडला की वर दोन वाट्या सुका पाचोळा. ओला कचरा कधी उघडा ठेवायचा नाही. सुरुवातीला मूठभर जुनं खत किंवा थोडं आंबट ताक. आठवड्यातून दोनदा खालीवर करायचं, म्हणजे हवा खेळते. हवा कोंडली की कुजकट वास येतो. मूठ दाबून बघा: पाणी गळलं तर पाचोळा वाढवा, भुगा सुटला तर पाणी शिंपडा. मासळी, हाडं, तेलकट उरलंसुरलं नको. आंब्याच्या कोयी लवकर कुजत नाहीत. पिंप भरलं की दुसरं सुरू करायचं, पहिलं झाकून ठेवायचं. साधारण तीन महिन्यांत पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला की खत तयार. चाळून घ्या, जाडंभरडं परत पिंपात.

पहिलं खत वहिनींच्या तुळशीला घातलं. आवारातला पाचोळाही आता जाळत नाहीत, पोत्यात भरून माझ्याकडे येतो.

ज्यांना सुरू करायचंय त्यांनी रविवारी सकाळी रिकामं पिंप घेऊन या, सळई माझ्याकडे आहे. आणि शेजारी वासाची तक्रार घेऊन आले तर वाद घालू नका, आधी झाकण उघडून बघा. बहुधा त्यांचंच बरोबर असतं.