आसरा मागणारा अपंग



देवमामलेदारांच्या गावात आसऱ्याविषयी बोलण्याचे धाडस आम्ही करीत आहो. १८७०-७१ च्या दुष्काळात यशवंतराव महाराजांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला, ही कथा येथील पोरासोरांनाही पाठ आहे. त्या रांगेत कोणाजवळ रहिवासाचा दाखला मागितला गेला, असे मात्र कोणी सांगत नाही. आज आम्हांला त्या दाखल्याविषयीच बोलायचे आहे.

परागंदा माणूस आपल्या प्रांताला नवा नाही. १९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी वसली. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. सोविएत सरकारने सैबेरियाकडे हाकललेली ही कुटुंबे इराणमार्गे आली आणि १९४८ पर्यंत राहिली. शाळा, चर्च, दवाखाना, सारे तेथे होते. पण ती माणसे जथ्याने आली होती, आणि लंडनमध्ये का होईना, त्यांच्या पाठीशी त्यांचे एक सरकार होते. जो एकटादुकटा येतो, आणि त्यात पांगळा किंवा बहिरा असतो, त्याची गत निराळी.

सीरियातील नुजीन मुस्तफा या मुलीचे उदाहरण घ्या. जन्मापासून मेंदूच्या पक्षाघाताने पाय अधू. अलेप्पोत पाचव्या मजल्यावर घर, जिना उतरणे अशक्य, म्हणून शाळाही नाही. २०१५ साली, सोळाव्या वर्षी, चाकांच्या खुर्चीत बसून ती निघाली. खुर्ची ढकलायला बहीण. रबरी होडीतून समुद्र ओलांडून ग्रीस, आणि तेथून देशामागून देश करीत जर्मनी. इंग्रजी ती घरी दूरचित्रवाणीवरच्या मालिका पाहून शिकली होती, आणि वाटेत तीच भाषा तिच्या उपयोगी पडली. २०१९ साली ती संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढे बोलली. एखाद्या अपंग व्यक्तीने त्या समितीला माहिती देण्याचा तो पहिलाच प्रसंग. त्याच वर्षी जून महिन्यात युद्धातील अपंगांविषयीचा ठराव तेथे संमत झाला.

नुजीनला वाचा होती. जो जन्मतः बहिरा आहे त्याचे काय? आश्रय मागणाऱ्यापाशी बहुधा साक्षीदार नसतो. त्याची हकीकत हाच त्याचा पुरावा. खुणांची भाषा देशोदेशी वेगळी, आणि खेड्यातल्या बहिऱ्याला पुष्कळदा घरच्यांनी केलेल्या खुणा तेवढ्या येतात. त्या समजणारी आईच मागे राहिली, तर अधिकाऱ्यापुढे तो सांगणार काय? मारहाणीने ज्याचे चित्त ढळले आहे, त्याच्या बोलण्यात तारखा जुळत नाहीत. आणि तारखा जुळत नाहीत म्हणून तो खोटा ठरण्याचा धोका. ज्या दुखण्यामुळे संरक्षण हवे, तेच दुखणे त्याच्याविरुद्ध साक्ष देते. आम्हांला या प्रकरणातली ही सर्वांत क्रूर गोष्ट वाटते.

आता आपल्या देशाकडे वळू. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारावर भारताची सही नाही, आणि आपल्याकडे आश्रयाचा स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ यांची व्यवस्था सरकार पाहते. अफगाण, म्यानमारी वगैरेंचे अर्ज दिल्लीतील संयुक्त राष्ट्रसंघाचे निर्वासित कार्यालय तपासते आणि त्यांना कार्ड देते. अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मात्र आपण २००७ साली मान्य केला. त्याच्या अठराव्या कलमात, अपंगत्वामुळे कोणालाही ओळखीच्या कागदपत्रांपासून वंचित ठेवू नये, असे आहे. आपल्या २०१६ च्या कायद्याचे आठवे कलम युद्ध आणि आपत्तीतही अपंगांना समान संरक्षण देते.

मग अडते कोठे? प्रमाणपत्रापाशी. त्यासाठी नाशिकला हेलपाटे घातलेली माणसे या सभेतही असतील. त्यांना आम्ही काय निराळे सांगणार! अर्जाबरोबर ओळखीचे आणि पत्त्याचे कागद लागतात. ज्याच्या खिशात दिल्लीचे ते एक कार्ड आहे, तो त्या रकान्यापाशी थबकतो. प्रमाणपत्र नाही तर सवलतीचे दार बंद. आमचे म्हणणे इतकेच, की हे कार्ड अपंगत्वाच्या दाखल्यापुरते तरी पुरावा म्हणून नियमांत लिहून घ्यावे. त्याने नागरिकत्व मिळत नाही, मताचा हक्क मिळत नाही. डॉक्टरांनी पाय तपासावा, एवढेच त्यातून साधते.

कोणास काही विचारावयाचे असल्यास अध्यक्षांच्या अनुमतीने अवश्य विचारावे.