धंदा घरचा, हिस्सा कुणाचा?

(घोडबंदर रोड परिसरातल्या बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय तुमच्यातल्याच काहीजणींनी सुचवला आहे. टीव्हीवर जाऊन, त्या मोठ्या गुंतवणूकदारांसमोर आपला घरचा धंदा मांडायचा असेल तर काय तयारी लागते? मागच्या बैठकीत हा प्रश्न आला तेव्हा थोडी हसाहशी झाली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मानपाड्यापासून गायमुखापर्यंत टॉवर उभे राहिले. त्यांच्या आवारात दिवाळीच्या, राखीच्या आधी प्रदर्शनं भरतात आणि तिथल्या टेबलांमागे आपणच उभ्या असतो. कुणाचे मसाले, कुणाच्या कापडी पिशव्या, कुणाची नाचणीची बिस्किटं. ज्या रस्त्याचं नावच घोड्यांच्या व्यापारावरून पडलं असं सांगतात, तिथल्या बायकांनी व्यापाराचा विचार करू नये असं थोडंच आहे?

आधी तो कार्यक्रम काय आहे ते थोडक्यात. त्याचं मूळ जपानमध्ये, २००१ सालातलं. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये, २००९ मध्ये अमेरिकेत त्याचे अवतार निघाले आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो 'शार्क टँक इंडिया' या नावाने आपल्याकडे आला. उद्योजक आपला धंदा मांडतो. अमुक इतके पैसे द्या, बदल्यात कंपनीचा तमुक टक्के हिस्सा घ्या, असं म्हणतो. समोरचे प्रश्न विचारतात, घासाघीस होते, सौदा ठरतो किंवा फिसकटतो. ठरला तरी तो तिथल्या तिथे पक्का नसतो. नंतर कागदपत्रं, हिशेब तपासले जातात आणि मगच पैसे येतात.

आपल्या मराठी माणसांची दोन उदाहरणं तुम्ही पाहिली असतील. पहिल्या पर्वात मालेगावकडचे कमलेश घुमरे आले होते. शेतकऱ्याच्या पाठीवरचं फवारणीच्या पंपाचं ओझं कमी करणारी गाडी त्यांनी स्वतः बनवली होती. त्यांना दहा लाख रुपये मिळाले चाळीस टक्के हिश्श्याच्या बदल्यात, आणि वर वीस लाखांचं बिनव्याजी कर्ज. दुसऱ्या पर्वात, २०२३ मध्ये, मुंबईच्या गीता पाटील आल्या, 'पाटील काकी' या नावाने फराळ आणि पुरणपोळ्या विकणाऱ्या. नवऱ्याची नोकरी गेल्यावर हाताच्या चवीवर त्यांनी संसार सावरला. पुढे मुलगा आणि त्याचा मित्र धंद्यात आले आणि तो वाढला. त्यांचा सौदा चाळीस लाखांना चार टक्के असा ठरला.

आता हे आकडे वाचायला शिकू या. चार टक्क्यांचे चाळीस लाख, म्हणजे एका टक्क्याचे दहा लाख, म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत दहा कोटी धरली. कमलेशच्या बाबतीत चाळीस टक्क्यांचे दहा लाख, म्हणजे कंपनीची किंमत पंचवीस लाख. एकाकडे चालता धंदा होता, दुसऱ्याकडे यंत्राची कल्पना होती. म्हणून हा फरक. गणित चौथीतलं आहे. ते येत नाही असं कुणी म्हणू नका, भिशीचा हिशेब तोंडी करणाऱ्या बायका आहोत आपण.

पण मला आज ज्याबद्दल बोलायचं आहे ते याच्या अलीकडचं आहे. हिस्सा द्यायचा म्हणजे आधी तो कुणाचा तरी असावा लागतो. तो कुणाचा असतो?

आपल्याच भागातल्या एका कुटुंबाने या कार्यक्रमासाठी अर्ज करायचं ठरवलं आणि मदतीला मला बोलावलं. नाव सांगत नाही, आणि ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत. धंदा कापडी पिशव्यांचा. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली तेव्हा घरातल्या बाईने जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवायला सुरुवात केली. पुढे दुकानांच्या ऑर्डरी आल्या. नवरा माल पोचवू लागला, मुलगा मोबाईलवरून जाहिरात करू लागला. पर्यावरणाला धरून चाललेला, कुटुंबाचा धंदा. टीव्हीवर शोभावा असाच.

आम्ही सरावाला बसलो. मी गुंतवणूकदार झाले. विचारलं, "धंदा सुरू कुणी केला?" नवरा म्हणाला, "आम्ही." "मालक कोण?" तर दुकानाची नोंदणी नवऱ्याच्या नावावर, बँकेचं खातं त्याचंच. कंपनी काढायची तर बाप-लेकाच्या नावाने निम्मी-निम्मी, असं त्यांचं ठरलेलं. मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझं काय, मी हातभार लावते." दिवसाचे सात-आठ तास मशीनवर बसणारी बाई, स्वयंपाक-धुणं वेगळंच, आणि त्याला ती हातभार म्हणते!

घरात कुणी दुष्ट नव्हतं बरं. नवऱ्याला बायकोचं कौतुक होतं. तिचं नाव घालू नये असं कुणी ठरवलं नव्हतं. ते घालायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मग मी पुढचा प्रश्न विचारला, जो तिथे हमखास विचारतात. "एका पिशवीमागे सुटतात किती?" मुलाने चटकन सांगितलं: कापड बारा रुपये, दोरा एक, वीज-तेल एक, एकूण चौदा. विकतो पंचवीसला. सुटतात अकरा. म्हणजे शंभराला चव्वेचाळीस. मी म्हटलं, "आणि शिवणाऱ्याची मजुरी?" तो म्हणाला, "ती तर आईच शिवते."

आम्ही घड्याळ लावून पाहिलं. कापणं धरून एका पिशवीला पंधरा मिनिटं. तासाला साठ रुपये मजुरी धरली तर पिशवीमागे पंधरा रुपये. म्हणजे सुटणं दूरच, प्रत्येक पिशवीला चार रुपये तोटा! आजवर जो नफा दिसत होता तो आईची न दिलेली मजुरी होती.

मैत्रिणींनो, हा केवळ न्यायाचा मुद्दा आहे असं समजू नका. धंद्याचाही आहे. गुंतवणूकदार पैसे देतो ते शंभर पिशव्यांच्या हजार करायला. हजार पिशव्या एकटी आई शिवू शकत नाही. चार शिलाईवाल्या ठेवाव्या लागतात, त्या हातभार लावत नाहीत, मजुरी मागतात. त्या दिवशी कागदावरचा नफा नाहीसा होतो. तिथे बसलेली माणसं हे दोन प्रश्नांत ओळखतात. मग सौदा फिसकटतो आणि घरी येऊन आपण म्हणतो, त्यांनी गरिबाला डावललं.

हिशेब कळल्यावर मात्र त्याच बाईंनी रस्ता काढला. कापड एकेक न कापता थप्पी करून एकदम कापायचं. त्याने पिशवीचा वेळ नऊ मिनिटांवर आला, मजुरी नऊ रुपये. भाव पंचवीसचा अठ्ठावीस केला. आता मजुरी देऊन पाच रुपये उरतात. चव्वेचाळीस टक्क्यांसारखे ते दिसायला छान नाहीत, पण खरे आहेत.

हल्ली 'टिकाऊ उद्योग' हा शब्द फार ऐकू येतो. प्लास्टिक नको, झाडं वाचवा, कचरा कमी करा. सगळं बरोबरच आहे. पण ज्या उद्योगात बाईची पाठ पस्तिशीत जाते, तो टिकाऊ कसा? नदी-डोंगर जपायचे आणि घरातल्या बाईचं अंग झिजवायचं, हे मला कबूल नाही. टिकाऊपणाच्या हिशेबात तिचे तास, तिची मजुरी, तिची विश्रांती धरली पाहिजे.

आता मालकीकडे येऊ. एका माणसाच्या नावावरचा धंदा असतो तोवर त्यातले चार टक्के कुणाला विकता येत नाहीत. बाहेरचा पैसा हिश्श्याच्या बदल्यात घ्यायचा तर कंपनी काढावी लागते आणि कुणाचे किती भाग हे लिहावं लागतं. घरात वर्षानुवर्षं जे 'आपलं सगळ्यांचं' म्हणून चालतं, त्याची पहिल्यांदाच टक्केवारी होते. ही वेळ आपल्यासाठी महत्त्वाची आहे. त्या कागदावर नाव आलं तर आलं. नंतर, कंपनी मोठी झाल्यावर, "माझेही कष्ट होते" म्हणून भाग आपोआप मिळत नाहीत. ब्रँडच्या पाटीवर बाईचं नाव किंवा फोटो असणं ही एक गोष्ट आणि भागधारकांच्या नोंदवहीत नाव असणं ही दुसरी.

कायदा काय म्हणतो? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमानुसार हिंदू स्त्रीने स्वतःच्या कौशल्याने, कष्टाने मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची. पण ती तिची आहे हे दिसायला तर हवं! धंदा नवऱ्याच्या नावावर, खातं त्याचं, तर कोर्टात काय दाखवणार? घटस्फोट झाला तर पोटगी मागता येते. पण नवऱ्याच्या धंद्यातला निम्मा वाटा बायकोला आपोआप मिळावा असा कायदा आपल्या महाराष्ट्रात नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेमुळे, वेगळा करार नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. आपल्याकडे तसं नाही, म्हणून लिहून घ्यायचं. कंपनी नको असेल तर भागीदारी करा. १९३२ च्या भागीदारी कायद्यात, वेगळं ठरलेलं नसेल तर, नफा सगळ्या भागीदारांना सारखा वाटायचा आहे.

काहीजणी म्हणतील, टीव्हीवर न जाता भांडवल मिळत नाही का? मिळतं. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून 'लिज्जत' उभी राहिली. तिथे पापड लाटणारी बहीण सभासद असते आणि सभासद मालक असते. साताऱ्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायची म्हटली तेव्हा पहिला अर्ज नाकारला गेला, कारण त्या बायका निरक्षर होत्या. त्या शिकल्या, परत गेल्या, अधिकाऱ्यांसमोर व्याजाचा हिशेब करून दाखवायला तयार झाल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. कर्ज फेडलं की संपतं. दिलेला हिस्सा परत येत नाही, पण धंदा बुडाला तर हप्ताही भरावा लागत नाही. दोन्ही रस्त्यांचे फायदे-तोटे आहेत. टीव्हीवर जाऊच नका असं मी सांगणार नाही. जा, पण मालकीण म्हणून जा.

त्यासाठी आजपासून करण्याजोगी चार कामं सांगते. एक, वेगळी वही घाला आणि त्यात रोजचे आपले तास लिहा, अर्धा तास असला तरी. दोन, वस्तूचा भाव काढताना आपली मजुरी आधी धरा, नफा नंतर. तीन, नोंदणी कुणाच्या नावावर आहे, खातं कुणाचं आहे, ते घरी जाऊन विचारा. भांडायला नको, नुसतं विचारा. चार, कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी तो गटात वाचून घ्या. एकटीला समजला नाही तर दहाजणींत कुणाला तरी समजतो.

त्या पिशव्यांच्या कुटुंबाचं काय झालं असं तुम्ही विचाराल. अर्ज अजून गेलेला नाही. हिश्श्यावर घरात बोलणं चाललं आहे. मुलाचं म्हणणं, तिघांचे सारखे भाग असावेत. बाईंचं म्हणणं वेगळं आहे. त्या म्हणतात, "सारखे का? सुरुवात मी केली, मशीन माझं, शिवते मी. माझे जास्त." नवरा अजून काही बोललेला नाही. पण ज्या तोंडून 'हातभार' हा शब्द निघाला होता, त्याच तोंडून हे निघालं, हे मला मोठं वाटतं.

आता तुमच्या वह्या काढा. प्रत्येकीने आपल्या एका वस्तूचा हिशेब मांडायचा आहे, मजुरीसकट. तो झाला की चहा घेऊ.