फळ्याशेजारच्या पडद्याचा खर्च
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला यंदा शाळेविषयी दोन शब्द बोलायला सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पंडिती भाषण माझ्याकडून व्हायचे नाही. पण घरखर्चाची वही मी वर्षानुवर्षे लिहीत आले आहे, आणि आजचा प्रश्न खर्चाचाच आहे. महानगरपालिकेच्या शाळांतील वर्गांत संगणक, मोठा पडदा, इंटरनेट ही साधने सार्वजनिक पैशातून यावीत की नाही? माझे म्हणणे असे की, यावीत. मात्र आपण डोळे उघडे ठेवून मागावीत.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, ते दिवस आपण कोणी विसरलेल्या नाही. शाळा फोनवर आली. आमच्या घरात फोन एक आणि शिकणारी मुले दोन. फोन सकाळी यांच्याबरोबर कामावर जाई. आपल्यापैकी अनेकींच्या घरी हीच तऱ्हा होती. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पुष्कळ घरांना आधार वाटला, कारण टीव्ही घरात होता आणि पाहायला वेगळे पैसे लागत नव्हते. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. साधन ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडले, की शिक्षणही ऐपतीप्रमाणे मिळते. तेच साधन सर्वांच्या पैशाने आणले, की ते गरिबाच्या पोरालाही मिळते.

कोणी म्हणेल, सरकारने एवढा भार का उचलावा? मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्या पुण्याला नवा नाही. येथून पायी जाण्यासारख्या अंतरावर गंज पेठेत महात्मा फुल्यांचा वाडा आहे. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारी महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या कष्टातून येतो आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गासाठी खर्च होतो, असे त्यांनी सांगितले आणि निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, ते पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये ते करून दाखविले. तेव्हाही पैसा कोठून आणायचा, हीच हरकत पुढे केली जात असे.

आणि पैसा आपण देतोच आहोत. मिळकतकराच्या बिलात शिक्षण उपकराची ओळ असते; राज्यात त्याचा कायदा १९६२ सालचा आहे. ज्यांचे स्वतःचे घर नाही, त्यांच्या भाड्यातूनही हा कर वळता होतोच. तेव्हा आपण भीक मागत नाही. भिशीत पैसे भरलेल्या बाईने आपली पाळी विचारावी, तसे हे आहे.

आता हरकती पाहू. काही भगिनी म्हणतात, मुले आधीच फोनला चिकटलेली, शाळेतही तेच कशाला? हे म्हणणे टाकाऊ नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालानेही सांगितले आहे की, यंत्र शिक्षकाच्या मदतीला असावे, त्याच्या जागी नसावे. घरात मिक्सर आला म्हणून स्वयंपाक आपोआप होत नाही. वाटण काय नि किती, हे बाईलाच ठरवावे लागते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरले आणि २०२० चे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळविले. तेथे यंत्रापेक्षा गुरुजींची कल्पकता मोठी होती.

दुसरी हरकत अधिक खरी आहे. यंत्रे येतात, समारंभ होतो, मग कुलूप लागते. एका शाळेत प्रोजेक्टर कापडाखाली झाकलेला मी स्वतः पाहिला. बिघाड लहानच होता, पण दुरुस्तीला पैसेच मंजूर नव्हते. आपल्या मंडळाची शिवणयंत्रे आठवा. यंत्र एकदाच घेतले, पण तेल, सुया, पट्टा यांचा खर्च चालूच असतो, आणि शिकविणाऱ्या बाई नसत्या तर यंत्रावर नुसती धूळ बसली असती. म्हणून मागणी नुसत्या यंत्राची करू नये. वीज, इंटरनेट, दुरुस्तीची तरतूद आणि शिक्षकांचे प्रशिक्षण, हे चारही एकत्र मागावे. केरळ राज्याने २०१८ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतील पंचेचाळीस हजार वर्ग असे सजविले. विकत घ्यावी न लागणारी मुक्त संगणकप्रणाली वापरली आणि शिक्षकांनाही शिकविले. आपल्या शेजारी शिवदर्शनलाही महानगरपालिकेची राजीव गांधी ई-लर्निंग शाळा आहे. एका शाळेत जे जमते, ते इतर शाळांनी का मागू नये?

आता आपण काय करायचे ते सांगते. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या परिशिष्टात वर्गखोल्या, स्वच्छतागृह, पाणी, मैदान, ग्रंथालय आहे. संगणकाचे नाव नाही. म्हणून न मागता ते मिळेल, अशी आशा धरू नये. पण त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असे ठरविले आहे. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते, आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्षही ठेवते. या जागा आपल्यासाठी आहेत. कितीजणी तेथे जाऊन बसतात? सही करून चहा पिऊन येण्यापेक्षा हिशोबाची वही मागावी. घरात वाणसामानाच्या बिलातील चूक आपल्याला क्षणात दिसते; शाळेच्या वहीतही दिसेल.

शिवाय पुणे महानगरपालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्याची पद्धत सुरू केली. तेव्हा माझी मंडळाला विनंती आहे की, आपल्या भागातील पालिका शाळांना दोघी-दोघींनी भेट द्यावी. किती यंत्रे आहेत, किती चालतात, किती बंद आहेत, एवढेच लिहून आणावे. त्या यादीवर मंडळाचा ठराव करून तो क्षेत्रीय कार्यालयात नेऊन द्यावा आणि पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नये.

सातवीनंतर मला शाळा सोडावी लागली, याची हळहळ आता करीत नाही. पण पालिकेच्या शाळेत बसणाऱ्या मुलीला केवळ पैशावाचून मागे राहावे लागू नये, एवढे मात्र वाटते. पहिल्या शाळेला माझ्याबरोबर कोण येते, ते आजच सभा संपल्यावर सांगावे.