पाय कोठें ठेवावे?

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ या क्षेत्राचें नांव निघालें कीं विसोबा खेचरांची कथा आठवते. गुरूच्या शोधांत नामदेव तेथें गेले, तों विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले! नामदेवांनीं संतापून पाय काढावयास सांगितलें. विसोबा म्हणाले, जेथें देव नसेल तेथें ते उचलून ठेव. परंपरा सांगते कीं, नामदेव जेथें जेथें ते पाय नेत, तेथें तेथें पिंडी उभी राही.

ही कथा ऐकून शतकानुशतकें श्रोत्यांनीं माना डोलविल्या. परंतु त्याच समाजानें एक जागा देवाविना ठरवून टाकिली होती, ती महारोग्याची. गांवाबाहेरची झोपडी आणि दुरून फेकलेली भाकरी एवढेंच त्याच्या वांट्यास येई.

त्या झोपडीकडे प्रथम वळलेल्यांत परदेशांतून आलेले मिशनरी होते. मिरजेस डॉ. विल्यम वान्लेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उभारिलें व पुढें महारोग्यांसाठींही निवारा केला. सातासमुद्रांपलीकडील माणसांनीं ही सेवा करावी आणि शेजाऱ्यांनीं नाक धरून निघून जावें, ही गोष्ट विचार करावयास लावणारी होती.

वरोऱ्याचे वकील मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे यांनाही प्रथम भयच वाटलें. पावसांत भिजत गटाराकांठीं पडलेला तुळशीराम नांवाचा महारोगी त्यांना दिसला आणि ते घरीं पळाले. मात्र त्या पळण्याची लाज त्यांना स्वस्थ बसूं देईना. ते परतले, रोग्यावर आडोसा उभा केला व अंतापर्यंत त्याची शुश्रूषा केली. पुढें कलकत्त्यास जाऊन त्यांनीं या रोगाचें शिक्षण घेतलें.

या कार्यांत त्यांच्या पत्नी साधनाताई यांचा वांटा अर्ध्याहून उणा नव्हता. नागपूरच्या सनातनी घुले घराण्यांतील ही कन्या १९४६ सालीं बाबांशीं विवाहबद्ध झाली. लग्नघराची गडबड सोडून एका वृद्ध मोलकरणीस धुणें धुण्यांत हात देणारी ही मुलगी बाबांच्या दृष्टीस पडली होती. तोच हात पुढें महारोग्यांच्या संसारास लागला.

१९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापन झाली. १९५१ सालीं हें दांपत्य दोन लहान मुलगे, सहा रोगी, एक लंगडी गाय व चौदा रुपये घेऊन वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर राहावयास गेलें. हेंच आनंदवन. महारोगानें हातापायांची संवेदना जाते. भाजलेलें वा कापलेलें कळत नाहीं, जखमा चिघळतात आणि बोटें थिटीं होतात. अशा हातांनीं तेथें विहीर खणली गेली. तिला पाणी लागलें तेव्हां शेताबरोबर माणसेंही टवटवीत झालीं. भीक घेणारा हात कष्ट करूं लागला कीं माणसाची मान आपोआप वर होते, ही या दांपत्याची श्रद्धा होती.

भाजीपाला पिकला, पण वरोऱ्यांत तो कोणी घेईना. कांहीं वर्षांनीं 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या संस्थेचे तरुण स्वयंसेवक देशोदेशींहून आले. त्यांनीं रोग्यांसमवेत राहून, तेथलेंच अन्न खाऊन इमारती बांधल्या. तें पाहिल्यावर गांवकऱ्यांची भीड चेपली. परक्यांनीं आपल्या अंगणांतली वाट आपणांस दाखवावी, हें पुन्हां एकदां घडलें!

१९६४ सालीं आनंदवनांत महाविद्यालय निघालें. ज्यांस गांवानें बाहेर घातलें, त्यांच्या भूमीवर गांवचीं मुलें शिकूं लागलीं. अंध बालकांसाठीं शाळा झाली, मूकबधिरांसाठीं झाली. अपंगांना हस्तव्यवसाय शिकविणारें संधिनिकेतन उभें राहिलें. डोळ्यांनीं अधू आणि पायांनीं अधू अशीं माणसें तेथें परस्परांचीं उणीवें भरून काढतात.

बाबा २००८ सालीं गेले, साधनाताई २०११ सालीं. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचविला असून त्यानें हा रोग पूर्ण बरा होतो. भीतीवर मात्र औषध निघालेलें नाहीं. ती शेजारीं बसल्यानेंच जाते. औंढ्याच्या गाभाऱ्यांत उतरून दर्शन घेणाऱ्यानें वर आल्यावर, पायरीशीं बसलेल्या थिट्या हाताच्या माणसाकडेही क्षणभर पाहावें. देव नाहीं अशी जागा नामदेवांना तेथें सांपडली नव्हती.