मुलांशी खरं बोला



मुलचेऱ्याला आमच्या शेजारी बारा वर्षांची एक मुलगी राहते. तिला रक्ताचा कर्करोग झाला आणि आई तिला घेऊन मुंबईला गेली. हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास. धाकटा भाऊ आजीजवळ राहिला आणि वडील मजुरी करून पैसे पाठवू लागले. एका घराची तीन घरं झाली.

सहा महिन्यांनी ती थोड्या दिवसांसाठी गावी आली. डोक्याला रुमाल बांधलेला. मला म्हणाली, "चाचा, मले का झालं हो?" घरच्यांनी मला आधीच बजावलं होतं. मी म्हणालो, "काही नाही बेटा, रक्त कमी झालंय." ती हसली. म्हणाली, "मले माहीत आहे. बाजूच्या बेडवरच्या पोरीनं सांगितलं. पण आईले नका सांगू, ती रडते."

म्हणजे आई मुलीपासून लपवत होती आणि मुलगी आईपासून! जन्मभर कविता लिहिणाऱ्या माझ्याजवळही तिला द्यायला एक खरा शब्द नव्हता.

पुढे या विषयावर वाचलं, तेव्हा कळलं की हे जगभर घडतं. मायरा ब्लूबाँड-लँग्नर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने ल्युकेमिया झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचा इस्पितळात राहून अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झालं. कुणी न सांगताही मुलांना सारं कळलेलं असतं, आणि आईवडिलांना दुःख होऊ नये म्हणून ती गप्प राहतात, असं त्यांना आढळलं. आपण भीती लपवतो, तेव्हा मूल त्या भीतीत एकटं पडतं.

लहान मुलाला मरणापेक्षा सुईची आणि आईपासून दूर होण्याची भीती जास्त वाटते. आपल्या चुकीची ही शिक्षा आहे, असंही त्याला वाटतं. किशोरवयीन मुलांचं दुःख वेगळं. गळणारे केस, सुटलेली शाळा, दुरावलेले मित्र. म्हणून समुपदेशक बाहुलीला सलाईन लावून लहानग्यांना उपचार समजावतात आणि मोठ्यांशी मोकळेपणाने बोलतात.

ही चैन नव्हे. रक्ताच्या कर्करोगाचा मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा जो प्रकार, त्याचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या शंभरातली ऐंशीहून अधिक मुलं बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण फार कमी आहे, आणि उपचार मध्येच सोडणं हे त्याचं एक मोठं कारण. खचलेलं कुटुंबच गावाची वाट धरतं. हे ओळखून मुंबईत २००६ साली 'सेंट ज्यूड' संस्थेने आठ कुटुंबांपासून सुरुवात केली. बाहेरगावच्या मुलांना आईवडिलांसह विनामूल्य निवारा, स्वयंपाकाची सोय, शिकवणी आणि समुपदेशन तिथे मिळतं. २००९ साली, बालपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्यांचा 'उगम' हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने उभा राहिला. आजारातून उठलेला तरुण समोर बसला, की आईवडिलांना वेगळा पुरावा लागत नाही.

पण मूल गावी परततं, तेव्हा समुपदेशक कोण? आपणच. हा रोग संसर्गाने पसरत नाही. तेव्हा आपल्या मुलांना त्याच्याशी खेळू द्या. मात्र उपचारांच्या काळात त्याची प्रतिकारशक्ती कमी असते, म्हणून सर्दी-तापात दूर राहा. गुरुजींनी वर्गात त्याची जागा राखावी. मन फार खचलं, तर 'टेली-मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतही बोलता येतं.

आणि घरी राहिलेल्या भावंडाला विसरू नका. त्या मुलीच्या भावाने एका रात्री आजीला विचारलं, "मी ताईले ढकललं होतं, म्हणून झालं का?" सहा महिने हा प्रश्न त्याने मनात ठेवला होता. आजीने त्याला जवळ घेतलं, म्हणाली, "नाही रे बाळा, तुझ्यानं काही झालं नाही." त्या रात्री पोरगा शांत झोपला.

मुंबईला परतल्यावर समाजसेविकेने मायलेकींना समोरासमोर बसवलं. दोघी खूप रडल्या, पण पहिल्यांदाच एकत्र रडल्या. उपचार अजून चालू आहेत. परवा फोनवर तिने मला विचारलं, "चाचा, आता खरं बोलसान ना?" मी म्हणालो, "हो बेटा." हा शब्द मला पाळायचा आहे.